मदत हवी आहे: जर्मनीतलं हीटिंगचं बिल कसं तपासायचं?
नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. हीटिंग फेर्नव्हेर्मचं, म्हणजे शहराच्या प्लांटमधून जमिनीखालच्या पाइपांतून येणारी उष्णता. घरमालकाने वर्षाचा हिशेब पाठवलाय आणि दरमहा आगाऊ भरूनही वर बरीच रक्कम मागितली आहे.

एवढं कळलं, की इमारतीच्या खर्चातले ३० टक्के फ्लॅटच्या क्षेत्रफळावर आणि ७० टक्के वापरावर वाटलेत. कायद्याने वापराचा वाटा ५० ते ७० टक्के ठेवता येतो. म्हणजे हिवाळाभर पुण्यात जाऊन बसलो तरी ते ३० टक्के काही चुकत नाहीत!

अडलंय ते पुढे. रेडिएटरवरच्या मीटरचे आकडे किलोवॅट-अवर नाहीत, नुसते युनिट आहेत आणि प्रत्येकाला रेडिएटरच्या प्रकारानुसार एका गुणकाने गुणलंय. हॉलचा गुणक बेडरूमच्या जवळजवळ दुप्पट, आणि मला तरी दोन्ही रेडिएटर सारखेच दिसतात. हा गुणक कुठे पडताळायचा?

हरकत घ्यायला हिशेब मिळाल्यापासून १२ महिने असतात, मूळ बिलंही बघायला मागता येतात. पण पैसे आधी भरून मग भांडायचं का? भाडेकरू संघटनेकडून कुणी असा हिशेब तपासून घेतला असेल तर प्लीज सांगा.