सावळ्या त्वचेला फिलर चालतच नाहीत?

मेघना: "सावळ्या कातडीत फिलर घातलं की केलॉइड ठरलेलाच" असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. (फिलर म्हणजे गाल-ओठ भरायला सुईने कातडीखाली टोचतात तो पदार्थ; केलॉइड म्हणजे जखमेच्या जागी वाढत जाणारी व्रणाची गाठ.) वाचल्यापासून डोकं भणभणतंय. हायल्युरॉनिक अ‍ॅसिड या जेलसारख्या पदार्थाचं पहिलं फिलर अमेरिकेत २००३ साली मंजूर झालं. त्यानंतर खास गडद त्वचेवर अभ्यास झाले आणि केलॉइडची ती भीती त्यांत खरी ठरली नाही. काळे डाग पडतात, हे मान्य. तेही एकाच भागात सुई पुन्हा पुन्हा टोचली की जास्त, आणि बहुतेक वेळा हळूहळू फिके होतात. उगाच लोकांना घाबरवू नका.

वैशाखी: ते लिहिणारी मीच. कान टोचल्यावर माझ्या पाळीवर सुपारीएवढी गाठ आली. दोनदा काढली, दोनदा परत आली. तुमचे अभ्यास माझ्या कानाला सांगा.

मेघना: त्रास झाला, वाईट वाटलं. पण पाळी, छाती, खांदे ही केलॉइडची ठरलेली ठिकाणं. गाल-ओठांवर तो क्वचितच होतो. तुमच्यासारखा इतिहास असणाऱ्यांनी लांब राहावं, एवढंच त्यातून निघतं. सगळ्या सावळ्यांनी नव्हे.

अजित: तुम्ही गाठीवर भांडताय आणि खरा धोका बाजूलाच राहिलाय. फिलर धमनीत गेलं तर रक्तपुरवठा तुटतो. कातडी आधी पांढरी पडते, मग जाळीसारखी निळसर. गोऱ्या चेहऱ्यावर ते लगेच दिसतं. माझ्या बायकोच्या ओठावर कुणालाच दिसलं नाही. ती "दुखतंय, खूप दुखतंय" म्हणत होती आणि टोचणारे म्हणाले, सूज आहे, बर्फ लावा. दुसऱ्या डॉक्टरांनी बोटाने दाबून रक्त परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं आणि तिथल्या तिथे ते फिलर विरघळवणारं औषध, हायल्युरोनिडेज, दिलं. ओठ वाचला, व्रण राहिला.

संदीप: कारण शिकवतातच गोऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून! त्वचेचे प्रकार पाडणारी ती फिट्झपॅट्रिकची प्रतवारी घ्या. १९७५ची. ऊन लागलं की कातडी भाजते की रापते, एवढंच तिला बघायचं होतं. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे प्रकार मागाहून जोडले. अर्धं जग दोन-तीन खणांत कोंबलंय.

मेघना: प्रतवारीचा इथे काय संबंध? धागा भरकटवू नका.

संदीप: संबंध नाही? अजितच्या बायकोचा ओठ त्याच आंधळेपणामुळे जाता जाता राहिला! "सुरक्षित आहे" म्हणताना कुणाच्या नजरेला सुरक्षित, ते आधी सांगा.

मेघना: आवाज चढवू नका. हा मुद्दा माझ्या लिहिण्यात नव्हता, मानते. फिलर गडद त्वचेला जास्त घातक नाही, यावर मी ठाम आहे. धोका ओळखायला उशीर होतो, हे खरं.

अजित: मग तेही लिहा ना. नाक आणि भुवयांमधली जागा तर दृष्टी घालवू शकते, कोणताही वर्ण असो. हायल्युरोनिडेज हाताशी आहे का, एवढं विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका. आणि ते फक्त हायल्युरॉनिक अ‍ॅसिडच विरघळवतं, बाकीच्या फिलरना त्याचा उपयोग नाही.

वैशाखी: बरं, "ठरलेलाच" हा शब्द मागे घेते. सुई मात्र मी लावून घेणार नाही.