मदत हवी आहे: एसटीत एका मुलाला छळतात, लेकीने काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले. लेक आठवीत आहे, एसटीने शाळेला जाते. तिच्या वर्गातला एक मुलगा पहाटे बाबांबरोबर जाळ्यातले मासे सोडवून मग शाळेत येतो. मागच्या सीटवरची पोरं त्याला बघून नाक दाबतात, दप्तर खिडकीबाहेर धरतात. बाकीचे हसतात. (घरी सुरमई असली की हीच पोरं ताट चाटूनपुसून खातात, ते सोडा!) लेक मुद्दाम त्याच्या शेजारी बसायला लागली, तर आता तिलाही बांगडा माशावरून 'बांगडीण' म्हणतात. एकटीने सरांना सांगितलं तर चहाडखोर ठरेन, ही तिची धास्ती. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन माहीत आहे, पण त्याआधी मुलांनीच करण्यासारखं काय? चार-पाच जणांनी मिळून सरांकडे जावं का? की आधी त्या मुलालाच विचारावं? कुणाच्या पोरांनी असं थांबवलं असेल तर नेमकं कसं, ते लिहा.