अनुभव धागा: स्वयंचलित इन्स्टॉलेशन आणि अडून बसलेला आयपी पत्ता

नेटवर्कवरून आपोआप ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना ज्यांचे घोडे आयपी पत्त्यापाशी अडले, त्यांनी दोष अखेर कुठे सापडला ते सविस्तर लिहावे, ही विनंती. सुरुवात मीच करतो. डेबियन लिनक्सच्या प्रीसीड फाइलमध्ये (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवलेली फाइल) स्थिर पत्ता, नेटमास्क, गेटवे असे सगळे लिहिलेले असूनही इन्स्टॉलर दर वेळी डीएचसीपीकडूनच (मशीनांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता घेत असे. मी दोन दिवस त्या फाइलीतील एकेक अक्षर तपासत बसलो. पण ती फाइल येत होती वेबसर्व्हरवरून, म्हणजे ती वाचायला मिळण्याआधीच नेटवर्क उभे राहिलेले असणार. मग तिच्यातील नेटवर्कच्या सूचना वरातीमागून घोडेच ठरणार. त्याच सूचना कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) बूट ओळीत दिल्या आणि काम झाले.

———

आमच्याकडे मशीन पीएक्सईने (नेटवर्कवरून बूट होण्याच्या पद्धतीने) व्यवस्थित बूट होई, कर्नलही उतरवून घेई आणि नंतर इन्स्टॉलर मात्र डीएचसीपीचे उत्तर येत नाही म्हणून थांबे. गंमत म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न करा’ निवडले की पत्ता तत्काळ मिळत असे, त्यामुळे सर्व्हरवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. सर्व्हरवर टीसीपीडम्प हे येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारे साधन लावून पाहिले, तर पहिल्या प्रयत्नाच्या वेळी डिस्कव्हरचे (पत्ता मागणाऱ्या पहिल्या विनंतीचे) एकही पॅकेट तिथवर पोहोचत नव्हते. कर्नलचा ड्रायव्हर नेटवर्क कार्डाचा ताबा घेताना लिंक क्षणभर तुटते. ती परत आली की स्विचवरील स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये पॅकेटे गोल फिरत राहू नयेत म्हणून असलेली व्यवस्था) तो पोर्ट १५ सेकंद ऐकण्याच्या आणि १५ सेकंद शिकण्याच्या अवस्थेत ठेवते, आणि या अर्ध्या मिनिटात पाठवलेली प्रत्येक विनंती वाया जाते. त्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट लगेच खुला करण्याची सोय, चालू केले. स्विचला हात लावण्याची मुभा नसेल, तर इन्स्टॉलरची डीएचसीपीसाठी थांबण्याची मुदत वाढवूनही निभावते.

———

माझे प्रकरण छोटे आहे. मशीनला नेटवर्क कार्डे दोन आणि केबल दुसऱ्याला, तर इन्स्टॉलर पहिल्यावरच वाट पाहत बसला. पीएक्सलिनक्स या नेटवर्कवरून बूट करवणाऱ्या प्रोग्रामच्या कॉन्फिगमध्ये ‘आयपीअपेंड २’ ही ओळ घातल्यावर, ज्या कार्डावरून बूट झाले त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) इन्स्टॉलरला आपोआप कळू लागला.

———

वरील तिघांचे निदान इन्स्टॉलेशन चालू असताना तरी झाले. माझे इन्स्टॉलेशन निर्विघ्न संपले आणि रीबूटनंतर मशीनच हरवले. पुढची मांडणी करणारी स्क्रिप्ट जुन्या पत्त्यावर हाका मारत राहिली, पण तिथे कोणीच नव्हते. शेवटी डीएचसीपी सर्व्हरची लीज फाइल (कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद) उघडली, तेव्हा एकाच मॅक पत्त्याच्या नावावर दोन निरनिराळे आयपी पत्ते दिसले. इन्स्टॉलेशनच्या वेळी मॅक पत्ता हीच ओळख सांगितली जात होती, तर बसवलेली उबंटू सर्व्हर सिस्टिम डीयूआयडी नावाची वेगळी ओळख सांगत होती, आणि सर्व्हरने तिला नवा पाहुणा समजून वाटपासाठी राखलेल्या पत्त्यांमधील दुसरा पत्ता दिला होता. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये डीएचसीपीची ओळख ‘मॅक’ ठेवल्यावर रीबूटनंतरही तोच पत्ता मिळू लागला. आधीच बसवून झालेल्या मशीनांवर मात्र ती ओळ एकेक करून हातानेच घालावी लागली.