क्रॅमएफएस इमेज माउंट होत नाही, तातडीने मदत हवी

सातपूरकर: क्रॅमएफएस (छोट्या मशीनमधली दाबलेली फाइल सिस्टीम) ची इमेज आहे. लूप (फाइल डिस्कसारखी जोडणं) लावून पाहिलं, सुडोने पाहिलं, इमेज माउंटच होत नाहीये, म्हणजे उघडतच नाही. उद्या सकाळी मशीन चालू करून द्यायचंय. लवकर सांगा.

गोदाकाठ: एरर काय? डीमेसेग (कर्नलचे संदेश) टाका.

पंचवटी_लिनक्स: पेनड्राइव्ह फॅट३२ करून बघा. माझं काम झालं होतं.

गोदाकाठ: पेनड्राइव्ह कुठून आला मध्येच?

सातपूरकर: 'क्रॅमएफएस: राँग एंडियननेस', बस एवढंच. लॅपटॉपवर उबुंटू.

जुना_खिळा: इमेज कुठल्या मशीनची? हेक्सडंपमधले (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारी कमांड) पहिले चार बाइट सांगा.

सातपूरकर: २८ सीडी ३डी ४५. अंबडमधल्या कारखान्यातलं जुनं पॅनल, आत पॉवरपीसी प्रोसेसर. त्याचा काय संबंध?

जुना_खिळा: सगळा संबंध तिथेच. एंडियननेस म्हणजे संख्येचे बाइट कुठल्या क्रमाने ठेवायचे ते. इमेज बिग एंडियन आहे (मोठा बाइट आधी), तुमचा लॅपटॉप लिटल (लहान आधी). लिटल एंडियन इमेजमध्ये हेच बाइट ४५ ३डी सीडी २८ असे दिसतात. क्रॅमएफएस ज्या क्रमात लिहिली त्याच क्रमाच्या मशीनवर माउंट होते. कर्नल उलटापालट करत बसत नाही.

पंचवटी_लिनक्स: मग डीडीला (कॉपी करणारी कमांड) कॉन्व्ह=स्वॅब द्या, एका ओळीत काम.

जुना_खिळा: अजिबात नको! स्वॅब सरसकट दोन-दोन बाइट फिरवतो. फाइलींचा मजकूर झेडलिब या लायब्ररीने दाबलेला असतो, त्याला हात लावला की मेला. फिरवायचे ते सुपरब्लॉक (इमेजचं शीर्षक), आयनोड (प्रत्येक फाइलची नोंद) आणि ब्लॉक पॉइंटर (मजकूर कुठे आहे ते). आयनोडमध्ये २४ बिटांचा आकार आणि ८ बिटांचा जीआयडी (ग्रुपचा क्रमांक) एकाच ३२ बिटांत कोंबलेत, त्यांच्या जागाही बदलतात. वर सीआरसी (चूक पकडणारा तपासणी आकडा) नव्याने काढायचा. क्रॅमएफएसस्वॅप हे सगळं करतं. जुनी फाइल, नवी फाइल, एवढंच द्यायचं.

द्राक्षबाग: आजकाल क्रॅमएफएस कोण वापरतं? स्क्वॉशएफएस घ्या, तीही तशीच दाबलेली फाइल सिस्टीम. ४.० पासून कायम लिटल एंडियन, कटकटच नाही.

गोदाकाठ: ते कर्नलमध्ये आलं २.६.२९ ला, म्हणजे २००९. हे पॅनल त्याआधीचं असलं तर? कर्नल बदलायला तुम्ही येताय का अंबडला?

द्राक्षबाग: मिसळ खिलवणार असाल तर येतो :)

सातपूरकर: क्रॅमएफएसस्वॅपने उघडली! पण आतली एक कॉन्फिग बदलायचीये, आणि हे तर रीड-ओन्ली.

जुना_खिळा: हे आधी सांगायचं ना! रूट होऊन सगळं दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, परवानग्या आणि डिव्हाइस फाइली जशाच्या तशा राहू द्या. बदल करा, मग एमकेएफएस.क्रॅमएफएसला उणे एन (कॅपिटल) बिग देऊन इमेज बनवा. फ्लॅशमधल्या पार्टिशनपेक्षा मोठी होऊ देऊ नका, आणि मूळ डंप पुसू नका.

पंचवटी_लिनक्स: डीडीनेही झालं असतं.