इम्प्रेशनिस्टांचं मोठेपण कशात: रंगात की प्रदर्शनात?

कॅनव्हासवेडा
इम्प्रेशनिझमवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या मोने वगैरे फ्रेंच चित्रकारांच्या चळवळीवर, मराठीत जे लिहून येतं ते बहुतेक प्रकाशाबद्दल असतं. मोनेची कमळं, गवताच्या गंजी, उघड्यावर बसून रंगवणं. ते सगळं खरंच आहे. पण परीक्षकांच्या परवानगीवाचून चित्रकाराला जगता येईल अशी वाट या लोकांनी पाडली, ते त्यांचं सगळ्यांत मोठं काम, असं माझं ठाम मत आहे.

त्या काळी पॅरिसच्या सरकारी सलोंमध्ये, म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या चित्रांच्या मोठ्या प्रदर्शनात, चित्र लागलं नाही तर गिऱ्हाईक मिळणं अवघड. 1863 साली परीक्षकांनी निम्म्याहून जास्त चित्रं परत पाठवली. ओरड इतकी झाली की तिसऱ्या नेपोलियनला नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवावं लागलं. पण तीही बादशहाची मेहेरबानीच. 15 एप्रिल 1874 ला मोने, पिसारो, रन्वार, देगा, बेर्त मोरिझो, सेझान वगैरे तीसेक जणांनी स्वतःची संस्था काढून फोटोग्राफर नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन मांडलं. परीक्षक नाहीत, पदकं नाहीत. संस्थेचे नियम करताना पिसारोनं पाँत्वाझ गावच्या पाववाल्यांच्या संघटनेची घटना नमुना म्हणून पुढे ठेवली होती. (ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही सूर्योदयाइतकी प्रिय आहे.)

महिनाभरात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आली. वर्षअखेर हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर 184 फ्रँक 50 सांतीमचं देणं निघालं आणि संस्था गुंडाळावी लागली. तरी 1886 पर्यंत आणखी सात प्रदर्शनं झाली. मग पॉल द्युराँ-रुएल हा विक्रेता. चित्रकारांना उचल देणं, घाऊक चित्रं घेणं, एकेकट्याची प्रदर्शनं भरवणं हे त्यानं केलं. 1882 मध्ये एक मोठी बँक बुडाली तेव्हा तोही बुडायच्या बेतात होता. 1886 मध्ये सुमारे 300 चित्रं न्यूयॉर्कला नेली आणि तिथून दिवस पालटले. आजची गॅलरी, एकल प्रदर्शन, परदेशी संग्राहक हा सगळा संसार त्यातूनच वाढला. तुम्हाला काय वाटतं?

जलरंगी
अजिबात पटलं नाही. द्युराँ-रुएल त्याआधी बुगरो या जुन्या वळणाच्या चित्रकाराची गुळगुळीत चित्रंही विकत होता. दुकान तेच, मालक तोच. मग बुगरोनं चित्रकला का बदलली नाही?

मोनेचं 'ला पी' (मॅगपाय) हे चित्र बघा, 1868-69 च्या हिवाळ्यातलं. बर्फ, कुंपणाच्या फाटकावर बसलेला एक मॅगपाय पक्षी, आणि बर्फावर पडलेली निळी सावली. सलोंनं ते नाकारलं. सावली म्हणजे तपकिरी-काळी हे शेकडो वर्षं शिकवलं जात होतं; इथं एका माणसानं शाळेतलं बाजूला ठेवून डोळ्यांवर विश्वास ठेवला. 1874 च्या पाच वर्षं आधी, कुठलीही संस्था नसताना!

याच्यामागे शव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ आहे. गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाईचा प्रमुख. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली, त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारचे निळे-जांभळे धागे काळ्याला फिकं करत होते. 1839 साली त्याचं पुस्तक आलं. 1841 मध्ये अमेरिकेत जॉन रँडनं धातूच्या रंगनळीचं पेटंट घेतलं आणि तैलरंग पिशवीतून शेतावर न्यायची सोय झाली. मी स्वतः निसर्गचित्रं करतो. दुपारच्या उन्हात सावलीला हात घालताना मला आजही मोनेच आठवतो, त्याचा विक्रेता आठवत नाही.

फडताळ
दोघंही एक गोष्ट सोडताय. मे 1871 मध्ये पॅरिस कम्यून, म्हणजे शहराचा ताबा घेतलेल्या बंडखोरांचं सरकार, चिरडलं गेलं, हजारो माणसं रस्त्यांवर गोळ्या घालून मारली. तीन वर्षांनी त्याच शहरात हे प्रदर्शन, आणि भिंतींवर काय? बंदर, बाग, नाचणाऱ्या मुली, नाटकगृहातलं जोडपं. एदुआर माने (मोने नव्हे) या चित्रकारानं बॅरिकेडवरच्या हत्येचं शिळाछाप चित्र केलं, पण तो या प्रदर्शनांत कधीच सामील झाला नाही. अमेरिकन धनिकांनी ही चित्रं उचलली, कारण त्यांत टोचणारं काही नव्हतं. तेव्हा वारशाबद्दल बोलायचं तर दिवाणखान्यात शोभणारी चित्रकला हाही वारसा आहे, आणि तो मला खटकतो.

पूर्वा_आर
फडताळ, हे सरसकट झालं. याच गटातल्या कायबोतच्या चित्रातले जमीन तासणारे मजूर आठवा. उघडे, घामेजलेले, गुडघ्यांवर वाकलेले. 1875 च्या सलोंनं ते चित्र नाकारलं. 1876 मध्ये याच मंडळींच्या दुसऱ्या प्रदर्शनात ते लागलं. देगाच्या इस्त्रीवाल्या बायका, पिसारोचे शेतकरी, हे कुठल्या दिवाणखान्यासाठी होते?

आणि मोरिझो. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत बायकांना प्रवेश मिळाला तो 1897 साली. त्याच्या 23 वर्षं आधी ती या संस्थेत बरोबरीची सभासद आहे. आठांपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रं आहेत. या मंडळींच्या चित्रांच्या 1875 च्या लिलावात तर लोकांनी असा गोंधळ घातला की पोलीस बोलवावे लागले, आणि त्या लिलावात सगळ्यांत जास्त किंमत आली ती तिच्या चित्राला. यासाठी मी कॅनव्हासवेडा यांच्या बाजूनं.

जलरंगी
पूर्वा, मोरिझोची चित्रं 1864 पासून सलोंमध्ये लागत होती. तिला दार बंद नव्हतं. चालू वाट सोडून ती इकडे आली, कारण तिला तसं *रंगवायचं* होतं. तिच्या 'पाळणा' या चित्रातली ती पातळ पांढरी जाळी बघा, एकेक फटकारा उघडा ठेवलाय.

कॅनव्हासवेडा
जलरंगी, तुमच्याच मोनेच्या गंजी घ्या. 1891 च्या मे महिन्यात द्युराँ-रुएलच्या दालनात 15 गंजी एकत्र लागल्या. तीच गंजी सकाळी, संध्याकाळी, बर्फात. सलोंमध्ये एका चित्रकाराला मोजकीच चित्रं देता यायची, तीही हजारोंच्या गर्दीत कुठे छताजवळ टांगली जायची. एकाच विषयाची 15 चित्रं शेजारी शेजारी पाहण्यातला अर्थ त्या दालनानंच दिला.

जलरंगी
आणि 1896 मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात कँडिन्स्की या रशियन चित्रकारानं मोनेची जी गंजी पाहिली ती एकटीच होती. ती गंजी आहे हे त्याला यादी वाचेपर्यंत ओळखू आलं नाही, तरी चित्र मनातून जाईना. पुढे तो अमूर्ताकडे गेला. मालिका नव्हती, शेजार नव्हता, नुसता रंग होता.

इंदूरकर
आपल्याकडचं एक उदाहरण देतो. इंदूरच्या कलाशाळेत दत्तात्रय देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे, डी. जे. जोशी, हुसेन अशी मुलं शिकली. इंदूर शैलीच्या निसर्गचित्रांत इम्प्रेशनिस्टांचा ताजा रंग आणि मोकळा हात स्पष्ट दिसतो. म्हणजे कुंचला इथं पोचला होता. पण चित्र मान्य व्हायचं ते बॉम्बे आर्ट सोसायटीच्या परीक्षकांकडून आणि सुवर्णपदकातून. आमची सलों तीच. 1947 मध्ये के. एच. आरांचं चित्र सोसायटीनं नाकारलं, ते निमित्त झालं आणि सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाक्रे या चित्रकार-शिल्पकारांचा प्रोग्रेसिव्ह गट जमला. पॅरिसमध्ये 1874 ला जे घडलं ते मुंबईत घडायला सत्तरहून अधिक वर्षं लागली. नुसत्या रंगानं ते होत असतं तर आमच्या मास्तरांच्या पिढीतच झालं असतं.

जलरंगी
इंदूरकर, नाकारण्यातून गट जमला हे मान्य. पण गट काही वर्षांतच पांगला. रझा 1950 मध्ये फ्रान्सला गेले, त्याआधी काश्मीरमध्ये फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनं त्यांना सेझान अभ्यासायला सांगितलं होतं. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या कॅनव्हासवरच्या घरांत आणि डोंगरांत तो अभ्यास चालू आहे. सभासदांची यादी वाचून त्यातलं काहीच उलगडत नाही. देवळालीकरांच्या निसर्गचित्रांवर मात्र सवडीनं स्वतंत्र धागा काढा. त्यांच्या शिष्यांवर भरपूर लिहिलं जातं, मास्तरांच्या सावल्या कोणत्या रंगाच्या होत्या ते मला वाचायचंय.