प्रति : लंडनमध्ये एकट्याने पब क्विझला जावे का?

कामानिमित्त आठवडाभर लंडनमध्ये एकटे राहणाऱ्याने पब क्विझला (पबमध्ये संघासंघांत रंगणाऱ्या प्रश्नमंजूषेला) जावे का, या वरील प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. १९७६ मध्ये बर्न्स आणि पोर्टर या आयोजकांनी, गिऱ्हाईक कमी असलेल्या संध्याकाळी पब भरावेत म्हणून, हे सामने पद्धतशीरपणे चालवायला घेतले आणि आजही ते बहुधा आठवड्याच्या अशा शांत वारीच होतात. अर्धा तास आधी पोहोचून प्रश्न विचारणाऱ्यालाच ‘कोणाला एक गडी कमी आहे का?’ असे विचारावे. संघात बऱ्याच ठिकाणी जास्तीत जास्त सहा जण चालतात आणि नेहमीच्यांपैकी कोणीतरी अनेकदा आलेले नसते. प्रवेशशुल्क माणशी एक-दोन पौंड असते व पुष्कळदा त्यातूनच बक्षीस ठरते.

जुन्या ब्रिटिश मालिकांच्या फेरीत मुकाट्याने बसावे (तिथे हुशारी नव्हे, बालपण तिथलेच लागते). भूगोल आणि क्रिकेट आले की मात्र सगळे आपल्याकडेच पाहतात. उत्तर कुजबुजतच सांगावे, कारण शेजारच्या टेबलाचे कान तिखट असतात. फोन मात्र खिशातून काढूच नये, अगदी घरचा निरोप पाहायलाही नाही. तेवढ्यावरून संपूर्ण संघ बाद होऊ शकतो.