अर्जातील दहा जागा: कोणते उपक्रम लिहावेत, कोणते गाळावेत?

प्रश्न

माझी मुलगी बारावीत असून ती अमेरिकेतील विद्यापीठांसाठी 'कॉमन ॲप'मधून (अनेक विद्यापीठांसाठी चालणारा एकच सामाईक ऑनलाइन अर्ज) अर्ज करणार आहे. अभ्यासेतर उपक्रमांसाठी अर्जात दहाच जागा आहेत आणि आमची कच्ची यादी चौदावर गेली आहे. शास्त्रीय गायन ती लहानपणापासून शिकत आहे. शाळेच्या रोबोटिक्स संघात ती नववीपासून आहे आणि गेल्या वर्षापासून प्रोग्रॅमिंगची जबाबदारी तिच्याकडे आहे. वादविवाद मंडळ मात्र तिने दहावीनंतर सोडले. याखेरीज एका दिवसाची स्वयंसेवा, काही ऑनलाइन प्रमाणपत्रे आणि एका क्लबचे नाममात्र सचिवपद असे बरेच किरकोळही आहे.

आम्ही दोघेही नोकरी करत असल्यामुळे शाळा सुटल्यानंतर धाकट्या भावाला सांभाळणे आणि त्याचा अभ्यास घेणे ही कामे तीच करते. त्यांना 'उपक्रम' म्हणावे की नाही, यावर घरात एकमत होत नाही. निवड कोणत्या निकषावर करावी आणि क्रम कसा लावावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

भावाचा प्रश्न आधी निकालात काढू या, कारण त्याचे उत्तर अर्जातच आहे. उपक्रमाचा प्रकार निवडण्यासाठी जी यादी दिलेली असते, तीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'पगारी काम' हे दोन्ही प्रकार स्वतंत्रपणे आहेत. आपल्याकडील अनेक पालक घरातील कामाचा उल्लेख संकोचाने टाळतात. परंतु जी मुलगी रोज दुपारचे दोन-तीन तास भावासाठी देते, तिला इतर उपक्रमांना वेळ का कमी मिळाला, हे अर्ज वाचणाऱ्याला त्या एका नोंदीतून आपोआप कळते. ती नोंद गाळली, तर त्या वेळेत ती रिकामी बसली होती असाच समज होण्याचा धोका आहे.

आता निवडीविषयी. प्रत्येक नोंदीत पदनामासाठी ५०, संस्थेच्या नावासाठी १०० आणि वर्णनासाठी १५० कॅरेक्टर (अक्षरे व चिन्हे) मिळतात आणि शब्दांमधील रिकाम्या जागाही त्यांत मोजल्या जातात. त्याशिवाय कोणत्या इयत्तांत भाग घेतला, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे, हेही भरावे लागते. म्हणून चौदाही उपक्रमांपुढे आधी तास आणि आठवडे लिहून काढावेत. निम्मी निवड त्यातच होऊन जाते. एका दिवसाच्या स्वयंसेवेपुढे 'वर्षाला एक आठवडा' असे लिहावे लागले, की ती नोंद यादीत का शोभत नाही हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. उरलेल्या नोंदींना एकच प्रश्न विचारावा: मुलगी तेथे नसती, तर कोणते काम अडले असते? रोबोटिक्सच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर आहे, नाममात्र सचिवपदाच्या बाबतीत बहुधा नसावे.

सोडून दिलेले वादविवाद मंडळ मी लगेच गाळणार नाही. दोन वर्षे नियमित भाग घेतला असेल तर ते खालच्या क्रमांकावर जरूर ठेवावे. अर्जात नववी आणि दहावी एवढ्याच इयत्तांवर खूण करता येते, त्यामुळे त्यात लपवाछपवी काहीच होत नाही. क्रम लावताना विद्यार्थ्याला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वर, अशी अर्जाचीच सूचना आहे. तिने स्वतः क्रम लावावा आणि आपण तो बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी बहुतांशी सहमत आहे, पण एक पुस्ती जोडतो. दहाही जागा भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. सहा भक्कम नोंदींनंतर चार भरतीच्या नोंदी आल्या, तर वाचणाऱ्याच्या मनात आधीच्या सहांचेही वजन घटते. पारितोषिके उपक्रमांच्या जागेत कोंबू नयेत, त्यांच्यासाठी पाच नोंदींचा वेगळा विभाग आहे. ऑनलाइन प्रमाणपत्रांविषयी बोलायचे, तर त्या शिक्षणातून तिने काही तयार केले असेल तर ते तयार केलेले लिहावे, प्रमाणपत्र नव्हे.

तिसरा प्रतिसाद

आपण कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही विचार करत असाल, तर तेथील अर्ज कॉमन ॲपपेक्षा पूर्णपणे वेगळा आहे, हे लक्षात घ्यावे. त्यात उपक्रम, पारितोषिके, स्वयंसेवा, नोकरी इत्यादी सर्व मिळून २० नोंदी करता येतात आणि वर्णनाला ३५० कॅरेक्टर मिळतात. कॉमन ॲपमधील आखडलेली वाक्ये तेथे जशीच्या तशी चिकटविणे म्हणजे मिळालेली जागा वाया घालविणे होय. तेथे काही अर्जदारांची निवड करून अर्जातील माहितीचा पुरावाही मागितला जातो. याउलट मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या स्वतंत्र अर्जात केवळ चारच उपक्रम लिहिता येतात. माझ्या मते, तिथे अर्ज करायचा नसला तरी 'चारच लिहायचे असते तर कोणते लिहिले असते?' हा प्रश्न मुलीने स्वतःला एकदा अवश्य विचारावा.

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सचिवपद आणि प्रमाणपत्रे आम्ही काढून टाकली असून भावाची नोंद मुलीने स्वतःहून तिसऱ्या क्रमांकावर ठेवली आहे. दोन शंका उरतात. रोबोटिक्सचे काम स्पर्धेच्या काळात फार आणि इतर वेळी थोडे असते, मग आठवड्याचे तास कोणते लिहावेत? आणि गायनाविषयी तिला निबंधही लिहायचा आहे, तर यादीतील वर्णनात काय लिहावे?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

तासांसाठी वर्षाची एकूण बेरीज करून सरासरी काढावी. समजा, स्पर्धेच्या १४ आठवड्यांत दर आठवड्याला १५ तास आणि इतर २० आठवड्यांत प्रत्येकी ३ तास काम होते. तर एकूण २७० तास भरतात आणि ३४ आठवड्यांनी भागल्यावर साधारण ८ येतात. अर्जात ८ तास व ३४ आठवडे लिहावेत. मग सर्व नोंदींच्या तासांची एकत्र बेरीजही करून पाहावी. आठवड्यात १६८ तास असतात. त्यांतून शाळा, गृहपाठ आणि झोप वजा केल्यानंतर उरणाऱ्या वेळेत ही बेरीज बसत नसेल, तर कोठेतरी अंदाज फुगला आहे असे समजावे.

गायनाच्या वर्णनात संगीतावरील प्रेमाचा उल्लेखही करू नये, ते काम निबंधाचे आहे. १५० कॅरेक्टरमध्ये केवळ घडलेले लिहावे: कोणत्या परीक्षा उत्तीर्ण केल्या, कोठे गायली, धाकट्या विद्यार्थ्यांचा रियाज घेते का. 'मला गायनातून शिस्त शिकायला मिळाली' या छापाचे वाक्य कोणीही लिहू शकतो. 'दर शनिवारी नवीन विद्यार्थ्यांचा स्वराभ्यास घेते' हे वाक्य मात्र तसे करणारीच लिहू शकते. वाक्य पूर्ण असण्याची गरज नाही. कर्ता गाळून थेट क्रियापदाने सुरुवात केली तरी चालते आणि जागा वाचते. परीक्षांची नावे परक्या वाचकाला उमजणार नाहीत, म्हणून नावाऐवजी 'सात पातळ्यांपैकी पाचवी' अशा प्रकारे, प्रत्यक्षात जे असेल तसे, लिहावे.